ओटीटीचं ‘फॅमिली’ खातं: कंपनी नेमकं काय मोजते?

‘चार स्क्रीनचे पैसे भरतो, बघणारी माणसंही चारच, मग अडतं कुठे?’ हा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही असं मराठी घर इंदुरात सापडणं कठीण. आणि तो विचारला जातो एकाच माणसाला. ज्याने पहिल्यांदा कार्डाचा नंबर टाकला, तो कायमचा कारभारी. आमच्याकडे हे पद माझ्याकडे आहे. पगार नाही, रजा नाही, तक्रारी मात्र पुण्यापासून बेंगळुरूपर्यंतच्या.

उत्तर असं, की आपण माणसं मोजतो आणि कंपनी माणसं मोजतच नाही. ती मोजते प्रोफाइल, एका वेळी चालू असलेले पडदे, जोडलेली उपकरणं आणि ‘घर’. ही चार मोजमापं वेगवेगळी, त्यांच्या मर्यादाही वेगवेगळ्या. आपल्या डोक्यात मात्र त्यातला सगळ्यात मोठा आकडा तेवढा बसतो. आपलं गाडं यातल्या कुठल्या मोजमापाशी अडलंय हे ओळखता आलं की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी ओटीपीची असतात, त्यांच्याकडे पुढे येऊ.

आधी आमच्या घराचा नकाशा सांगते. सासू-सासरे, नवरा, मुलगी आणि मी लोकमान्य नगरात. धाकटे दीर पुण्याला, नणंद बेंगळुरूला, तिचा मुलगा हॉस्टेलवर. रामबाग घ्या, नारायण बाग घ्या, सुदामा नगर घ्या, इथल्या मराठी घरांचे नकाशे थोड्याफार फरकाने असेच. शिक्षण झालं की पोरं पुण्याची वाट धरतात आणि मग गणपतीलाच येतात. आमच्या लेखी हे सगळं एकच कुटुंब. त्यात खाती वेगळी कशाला, असं सासूबाईंना मनापासून वाटतं, आणि त्यांचं म्हणणं मला अजून पूर्णपणे खोडता आलेलं नाही.

शिवाय इथे मराठी कार्यक्रम बघायचे तर ओटीटीशिवाय फारसं चालत नाही. मध्य प्रदेशातल्या केबलच्या साध्या पॅकात मराठी वाहिन्या असतीलच याची खात्री नाही. त्या निवडून घ्याव्या लागतात आणि मग दर महिन्याला केबलवाल्याशी हुज्जत घालावी लागते. इथल्या ‘सानंद’ या मराठी संस्थेची नाटकं होतात, पण ती काही रोज नसतात. रोजच्या मालिका राहतात अ‍ॅपवर, त्याही एका अ‍ॅपवर नाहीत. स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. दिवेलागणीपासून जेवणापर्यंत सासूबाई रिमोट हातात धरून या तिघांत येरझारा घालतात. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, प्रत्येकाची मर्यादा वेगळी. ‘एक’ खातं सांभाळायचं असतं तर मी हा लेख लिहायला बसलेच नसते.

प्रोफाइल म्हणजे परवाना नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नेटफ्लिक्सच्या खात्यात पाच प्रोफाइल करता येतात. आजी, आजोबा, बाळ, प्रत्येकाच्या नावाचं छान चित्र लागतं आणि वाटतं की पाच जणांची सोय झाली. प्रत्यक्षात भारतातल्या बेसिक प्लॅनवर एका वेळी एकच पडदा चालतो, स्टँडर्डवर दोन, प्रीमियमवर चार. म्हणजे पाच नावं आणि बघू शकणार दोघं, असं सहज होतं. प्रोफाइल फक्त लक्षात ठेवतं: कुणी काय पाहिलं, कुठे थांबलं, कुठली भाषा निवडली, पुढे काय सुचवायचं. बघण्याचा हक्क त्याने मिळत नाही.

लहान मुलांपुरता मात्र त्याचा खरा उपयोग आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला वयाची खूण द्यावी लागते: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. यू/ए १३+ आणि त्याच्या वरच्या कार्यक्रमांना पालकांचं कुलूप लावायची सोय देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. हे कुलूप बहुतेक घरांत लावलेलंच नसतं, कारण ते अ‍ॅपच्या पहिल्या पानावर दिसत नाही, खात्याच्या सेटिंगमध्ये आत कुठेतरी असतं. आणि मुलीच्या प्रोफाइलला पिन लावून मोठ्यांची प्रोफाइलं उघडी ठेवली तर काही साधत नाही. पिन मोठ्यांच्या प्रोफाइलला लावायची असते. सासऱ्यांनी यावर आक्षेप घेतला, ‘म्हणजे आता बातम्या बघायलाही मला कोड लागणार?’ त्यांचा मुद्दा बरोबर होता. पण मुलगी सातवीत आहे, म्हणून कोड राहिला.

एका वेळी किती

पडद्यांचा हिशेब कंपनी कसा ठेवते, हे जरा समजून घ्या. तुम्ही काही बघायला लागलात की तुमच्या टीव्हीतलं अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरला ठरावीक अंतराने कळवत राहतं की इथे अजून चालू आहे. रिमोटवरचं बॅकचं बटण दाबून नीट बाहेर पडलात तर ‘संपलं’ असा निरोपही जातो. पण टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद केला तर हा शेवटचा निरोप जात नाही. सर्व्हर वाट बघतो, थोडा वेळ काहीच कळवलं गेलं नाही की मग ती जागा मोकळी करतो. मधल्या काळात दुसरं कुणी लावायला गेलं की ‘खूप जास्त स्क्रीन चालू आहेत’ अशी पाटी येते.

विजेचं बिल वाचावं म्हणून भिंतीवरचं बटण बंद करणं ही आमच्याकडची जुनी शिस्त आहे, ती मोडणार नाही. म्हणून मॅचच्या दिवशी पुण्याहून भाऊजींचा फोन येतो, ‘वहिनी, कोण बघतंय? मला येत नाहीये.’ कुणीच बघत नसतं. बाबा देवदर्शनाला गेलेले असतात आणि त्यांचा बंद टीव्ही सर्व्हरच्या लेखी अजून मॅच बघत असतो. अशा वेळी पाच-दहा मिनिटं थांबावं, नाहीतर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या टीव्हीला बाहेर काढावं. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेक उपकरण निवडून बाहेर काढायची सोय दिली. त्याआधी सरसकट सगळ्यांना बाहेर काढावं लागायचं, आणि मग सगळ्यांना पुन्हा आत घेण्यात एक संध्याकाळ जायची.

तिसरं मोजमाप उपकरणांचं. इथे कोण बघतंय याचा संबंध नाही, किती यंत्रांवर खातं जोडून ठेवलंय एवढंच पाहिलं जातं. अ‍ॅमेझॉन प्राइमने भारतात जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा पाच उपकरणांची केली, आणि त्या पाचांत टीव्ही जास्तीत जास्त दोन. म्हणजे दिवाणखान्यात एक, सासू-सासऱ्यांच्या खोलीत एक, झाले दोन. पुण्याचा टीव्ही तिसरा, तो बाहेर. इंदूरचे दोन्ही टीव्ही महिनाभर बंद असले तरी फरक पडत नाही. विकून टाकलेला जुना फोन, नणंदेकडे राहिलेली फायर स्टिक, भाच्याच्या रूममेटचा लॅपटॉप, सगळे जागा अडवून बसलेले असतात. ही यादी अधूनमधून साफ करावी. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतका झटपट गुण येणारं दुसरं नाही.

‘घर’ कुणाचं?

आता मूळ दुखणं. मार्च २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने ट्विट केलं होतं की पासवर्ड वाटून घेणं म्हणजे प्रेम. मे २०२३ मध्ये त्याच कंपनीने अमेरिकेत पासवर्ड वाटण्यावर बंधन आणलं आणि २० जुलै २०२३ ला भारतात. खातं ‘एका घरात’ राहणाऱ्यांसाठी आहे, असा निरोप सगळ्यांना गेला. काही देशांत जादा पैसे भरून बाहेरचा एक सदस्य जोडता येत होता. भारतात ती सोय तेव्हा दिली नाही. दर आधीच कमी केलेत, असं कारण कंपनीने गुंतवणूकदारांना दिलं.

पण घर ओळखायचं कसं? कंपनीकडे आपलं रेशन कार्ड नसतं. तिला दिसतो आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे तुमचं कनेक्शन इंटरनेटवर ज्या क्रमांकाने वावरतं तो क्रमांक. त्याच्या जोडीला प्रत्येक उपकरणाची स्वतःची ओळख आणि खात्याची रोजची वर्दळ. या तिन्हींवरून अंदाज बांधला जातो. मुख्य टीव्ही ज्या इंटरनेटवर चालतो ते घर, आणि त्याच इंटरनेटवरची बाकीची उपकरणं त्या घरातली. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार यासाठी जीपीएस वापरलं जात नाही, म्हणजे तुम्ही नकाशावर नेमके कुठे आहात हे बघितलं जात नाही.

गंमत अशी की हा आयपी अ‍ॅड्रेस आपल्या वाटतो तेवढा आपला नसतोच. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे क्रमांक जगात एकूण साधारण ४.३ अब्ज. फोन, टीव्ही, कॅमेरे यांना ते केव्हाच पुरेनासे झाले. म्हणून इंटरनेट देणाऱ्या कंपन्या एकच क्रमांक कितीतरी ग्राहकांमध्ये वाटतात. रामबागेतल्या जुन्या वाड्यांत घर क्रमांक एक आणि आत बिऱ्हाडं सात असायची, पोस्टमनला दारावरचा एकच नंबर दिसायचा, तसंच हे. शिवाय घरगुती कनेक्शनवर तो क्रमांक बदलतही राहतो. लाइट जाऊन आली, राउटर बंद होऊन चालू झाला की नवा क्रमांक मिळू शकतो. म्हणून एकट्या क्रमांकावर कुणी विसंबत नाही, बाकीच्या खुणाही बघितल्या जातात, आणि तरीही कधीकधी अंदाज चुकतो.

तो चुकतो कधी? रस्ता खोदताना फायबर तुटली. मुलीने हुशारी करून टीव्ही माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर घेतला. आता त्याच खोलीतला, त्याच भिंतीवरचा टीव्ही सर्व्हरला दुसऱ्याच इंटरनेटवर दिसतो, आणि ‘हा टीव्ही तुमच्या घरातला नाही’ अशी पाटी येऊ शकते. सासूबाईंनी ती वाचली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘माझ्या घरात बसून मलाच सांगतोय हा?’ त्यावर उपाय सोपा आहे. त्याच पाटीवर तात्पुरता कोड मागवायचा पर्याय असतो. कोड खातेदाराच्या ईमेलवर किंवा फोनवर येतो आणि पंधरा मिनिटांत टाकावा लागतो. फायबर जोडली गेली की सगळं पूर्ववत.

असाच दुसरा एक घोळ गावाचा. मोबाइल डेटावर असताना फोनचा क्रमांक पुष्कळदा आपल्या शहरातला दिसत नाही. मोबाइल कंपनीचं इंटरनेट जिथून बाहेर पडतं तिथला, म्हणजे मुंबई किंवा दिल्लीसारख्या ठिकाणचा दिसतो. बाबा छप्पन दुकानवर चहा पिताना फोनवर मॅचचा स्कोअर उघडतात आणि तासाभराने घरी ईमेल येतो की मुंबईहून नवं लॉगिन झालं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा घरात चोर शिरल्यासारखी धावपळ झाली. अशा ईमेलमध्ये शहराचं नाव वाचण्याआधी उपकरणाचं नाव आणि वेळ वाचावी. फोन आपला आणि वेळ जुळत असेल तर काळजी नको. जुळत नसेल तर मात्र पासवर्ड बदलावा आणि त्याच वेळी ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्यायही निवडावा. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही. आधीच आत असलेल्या उपकरणाकडे लॉगिनची खूण साठवलेली असते, ती रद्द होईपर्यंत ते आतच राहू शकतं.

यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनची अट वेगळीच. एक कुटुंबप्रमुख आणि पाच सदस्य, सगळे एकाच पत्त्यावर राहणारे, सगळे तेरा वर्षांच्या पुढचे. आणि एकदा एक गट सोडून दुसऱ्यात गेलात की पुढचे बारा महिने पुन्हा बदलता येत नाही. लग्न ठरलेल्या मुलीला गटात घेण्याआधी हा नियम वाचावा, एवढंच सांगते.

ओटीपी

आपल्याकडे अनेक अ‍ॅपमध्ये पासवर्डच नसतो. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, आत या. सोयीचं आहे, लक्षात काही ठेवावं लागत नाही. पण कुटुंबासाठी हाच सगळ्यात मोठा अडथळा होतो, कारण खातं त्या एका सिमकार्डाला बांधलं जातं. पासवर्ड एकदा सांगून मोकळं होता येतं. ओटीपी दर वेळी सांगावा लागतो. माझा तर्क असा की कंपन्यांना हे मुळीच गैरसोयीचं नाही.

आमच्याकडचं एक अ‍ॅप सासऱ्यांच्या रिचार्जसोबत फुकट मिळालेलं, त्यामुळे ते त्यांच्या नंबरवर. भाच्याने हॉस्टेलवर लॉगिन करायला घेतलं की ओटीपी इंदूरला येतो. बाबा सकाळी फिरायला आणि नंतर पोह्यांना बाहेर, फोन घरी देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला. भाचा मला फोन करतो, ‘मामी, आजोबांच्या फोनवर बघ ना.’ मी पोळ्या टाकून धावते, तोवर कोडची मुदत संपलेली. तो पुन्हा मागवतो, आता दोन मेसेज, आणि मी वाचते ते नेमका जुना. एकदा बाबा स्वतः घरी होते. नातवाने कोड विचारला. त्यांनी चष्मा लावला, मेसेज पूर्ण वाचला आणि म्हणाले, ‘यात लिहिलंय, कुणाला सांगू नका. बँकेतही हेच सांगितलंय. नातू असलास म्हणून काय झालं?’ आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर बरोबर तेच होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपण एकीकडे ओटीपी न सांगायची ताकीद देतो आणि दुसरीकडे आपल्यालाच तो घाईघाईने सांगायला लावतो. या सवयीचा फायदा घेणारे लोक बाहेर टपून बसलेत. टीव्हीवर अडचण आली की माणसं सर्चमध्ये ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतात, तिथे भलताच नंबर मिळतो, आणि पलीकडचा गोड आवाज स्क्रीन शेअर करायला सांगतो. म्हणून आमच्याकडे एक ठरलंय: कोड हवा असेल तर आधी व्हिडिओ कॉल, तोंड दिसल्याशिवाय आकडा नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा. त्यात उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

शक्य असेल तिथे खातं अशा नंबरवर घ्या ज्याचा मालक दिवसा फोन उचलतो. रिचार्जसोबतच्या फुकट वर्गणीची आणखी एक खोच: रिचार्ज संपला की तीही संपते, आणि पुष्कळदा ती फक्त मोबाइलवरच चालणारी असते. ‘टीव्हीवर का दिसत नाही’ याचं उत्तर अनेकदा इतकंच असतं.

नंबर बंद करतानाही सावध. बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला दिला जात नाही, पण त्यानंतर दिला जाऊ शकतो. मग नव्या मालकाच्या हातात तुमच्या अ‍ॅपचा ओटीपी. घरातल्या वडीलधाऱ्यांचं सिम बंद करण्याआधी त्यावर बांधलेली खाती हलवून घ्यावीत. गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे कुणाला सुचत नाही, सुचायचं कारणही नसतं, पण तीन महिन्यांच्या आत कुणीतरी ते करायला हवं.

पैसे कुणाचे, मेसेज कुणाला

पूर्वी कार्ड एकदा दिलं की कंपनी दर महिन्याला आपोआप पैसे ओढायची. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीच्या, नियमांची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्यांदा परवानगी देताना ओटीपी लागतो. त्यानंतर प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. आधी ५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नसे, जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० झाली. यूपीआय ऑटोपेचंही साधारण असंच: परवानगी देताना पिन, पुढे आपोआप. ती परवानगी कधीही मागे घेता येते, तुमच्या यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या किंवा मँडेटच्या पानावर.

नियम चांगला आहे. अडचण एवढीच की तो २४ तास आधीचा मेसेज जातो कार्ड ज्याचं त्याला, आणि अ‍ॅप वापरतो दुसराच. नवऱ्याच्या फोनवर ‘उद्या अमुक रुपये कापले जातील’ असा मेसेज येतो, तो वाचतो आणि विसरतो. कारण जे अ‍ॅप त्याने कधी उघडलं नाही, त्याचं नाव त्याच्या ओळखीचं नसतं. नणंदेने कन्नड सिनेमा बघायला महिन्याभरासाठी घेतलेली वर्गणी आमच्या कार्डावर वर्षभर चालू राहते ती अशी. आता नियम असा, की ज्याचं कार्ड त्याने मेसेज आला की तसाच्या तसा घरच्या ग्रुपवर टाकायचा. ‘हे कुणाचं?’ एवढंच विचारायचं. कुणी हात वर केला नाही तर रद्द.

१ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार किंवा अ‍ॅप तुमचा पूर्ण कार्ड नंबर स्वतःकडे साठवू शकत नाहीत, त्याऐवजी एक टोकन, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी चालणारा सांकेतिक क्रमांक, ठेवतात. त्यामुळे कार्डाची मुदत संपून नवं आलं की बहुतेक वेळा परवानगी नव्याने द्यावी लागते. ‘बँकेत पैसे आहेत तरी वर्गणी बंद का पडली’ याचं हे नेहमीचं कारण. मालिका नेमकी लग्नाच्या भागावर असताना हे होतं, असा माझा अनुभव आहे, पण तो शास्त्रीय नव्हे.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी रद्द होत नाही. वर्गणी जिथून घेतली तिथूनच रद्द करावी लागते. आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतली असेल तर तिथे, गूगल प्लेमधून घेतली असेल तर तिथे, कंपनीच्या वेबसाइटवरून घेतली असेल तर वेबसाइटवर, रिचार्जसोबत आली असेल तर मोबाइल कंपनीकडे. घरातल्या तिघांनी तीन ठिकाणांहून घेतलेल्या असतात, म्हणून ‘मला रद्द करायचं बटणच दिसत नाही’ हे खरंही असतं.

वेगळं होणं स्वस्त पडतं का?

इथे जरा आकडेमोड करू. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले दर उतरवले: मोबाइल १९९ वरून १४९, बेसिक ४९९ वरून १९९, स्टँडर्ड ६४९ वरून ४९९ आणि प्रीमियम ७९९ वरून ६४९ रुपये महिना. आजचा दर अ‍ॅपमध्ये बघून घ्या, पण या आकड्यांतलं प्रमाण बघण्यासारखं आहे. चार पडद्यांचा प्रीमियम सगळ्यांत वाटून घ्यायचा तर ६४९. त्याऐवजी इंदूरला बेसिक १९९, पुण्याला बेसिक १९९ आणि हॉस्टेलवर मोबाइल १४९, बेरीज ५४७. म्हणजे तीन ठिकाणी तीन वेगळी खाती घेऊनही शंभर रुपये कमी, आणि ‘हे तुमचं घर नाही’ ही पाटी कायमची गेली.

अर्थात तोटाही आहे. बेसिकवर एका वेळी एकच पडदा, चित्रही वरच्या प्लॅनइतकं स्वच्छ नाही. मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही. पण प्रीमियममध्ये आपण पैसे भरतो ते फोर-के चित्राचे, आणि ते दिसायला टीव्ही फोर-के लागतो, इंटरनेट सेकंदाला साधारण १५ मेगाबिटचं लागतं आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. आमचा दिवाणखान्यातला टीव्ही जुना आहे. शिवाय काही स्वस्त अँड्रॉइड बॉक्सना कंपन्यांच्या चोरीविरोधी कुलपाची, म्हणजे कार्यक्रमांची नक्कल रोखणाऱ्या तंत्राची, वरची पायरी मिळालेली नसते. अशा बॉक्सवर प्लॅन कितीही महागाचा घ्या, चित्र धूसरच येतं. दोष इंटरनेटला दिला जातो आणि बिचाऱ्या फायबरवाल्याला उगाच जिना चढावा लागतो.

हा हिशेब मी कागदावर मांडून भाऊजींना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘म्हणजे मला घरातून वेगळं काढलं तर!’ गंमतच होती, पण पूर्ण गंमत नव्हती. पैशाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो, हा सुटत नाही. शेवटी असं ठरलं की इंदूरच्या खात्यातलं त्यांचं प्रोफाइल त्यांनी आपल्या नव्या खात्यात न्यायचं. ऑक्टोबर २०२२ पासून नेटफ्लिक्सवर ती सोय आहे. पाहिलेल्याची नोंद, राखून ठेवलेली यादी, सुचवण्या सगळं सोबत जातं, नव्याने सुरुवात करावी लागत नाही. बदल्यात त्यांनी सासूबाईंच्या एका मराठी अ‍ॅपचे वर्षाचे पैसे आपल्याकडे घेतले. सासूबाईंना हे जास्त पटलं.

वर्षाचे पैसे एकदम भरताना एवढं लक्षात असू द्या की मधल्या काळात अटी बदलू शकतात. प्राइम व्हिडिओवर भारतात १७ जून २०२५ पासून जाहिराती आल्या, आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे. ज्यांनी वर्षाचे पैसे आधीच भरले होते त्यांनाही त्या दिसू लागल्या. म्हणून जे अ‍ॅप बारा महिने रोज उघडतं तेवढंच वर्षाचं घ्यावं. बाकी महिन्याचं घ्यावं, आणि घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करून टाकावं. बहुतेक ठिकाणी भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत बघता येतंच.

रद्द करायचं बटण मुद्दाम लपवलेलं असेल, किंवा रद्द करताना पानामागून पानं फिरवलं जात असेल, तर ती नुसती डोकेदुखी नाही, नियमभंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार नोंदलेत आणि ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं, हा त्यातलाच एक. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. फोन करण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: पैसे कापल्याची तारीख दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट, वर्गणी घेतल्याचा ईमेल आणि रद्द करताना अडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट अडल्याबरोबर लगेच काढायचा असतो, कारण पुढच्या वेळी ते पान तसंच असेल याची खात्री नाही.